दीड महिना काइट घेऊन कल्पिटियाला जायचं तर

मे संपता संपता गोव्यात आश्वेच्या किनाऱ्यावरचे शॅक उतरतात. आमच्या खानावळीच्या छपराचीही चुडतं खाली येतात आणि मग सप्टेंबर उजाडेपर्यंत मला काम नसतं. काइटही (पायाखाली बोर्ड घेतलेल्या माणसाला पाण्यावरून ओढून नेणारा मोठा पतंग) तेव्हाच माळ्यावर जाते. वारा असतो, पाहिजे त्याहून जास्तच असतो, पण समुद्र इतका पिसाळलेला की घोटाभर पाण्यात गेलं तरी जीवरक्षक शिट्ट्या मारतात. म्हणून २०२५च्या जूनमध्ये मी श्रीलंकेत कल्पिटियाला गेले. २० जूनला निघाले आणि ५ ऑगस्टला परत आले, ४६ रात्री. तेव्हापासून मोरजी-आश्वेची शिकाऊ मंडळी रोज विचारतात, "ताई, कसं जायचं, काय न्यायचं?" एकेकाला सांगून थकले, म्हणून एकदाच लिहून काढते.

आधी हिशेब सांगते, म्हणजे स्वप्नं जरा जमिनीवर येतील. माझ्या वहीत नोंद आहे: २७ दिवस पाण्यात, ११ दिवस पायाच्या जखमेमुळे खोलीत, ३ दिवस वारा पडलेला आणि ५ दिवस नुसती झोप. म्हणजे जवळजवळ निम्मी सहल किनाऱ्यावर बसून गेली. तिथे वाऱ्याची फारशी काळजी नसते, आपलं शरीर आणि आपलं सामान यांचीच असते. तयारी त्यांचीच करायची.

कल्पिटियाच का? जो नैऋत्य मोसमी वारा आपल्याकडे सह्याद्रीला धडकून पेडण्याचे रस्ते बुडवतो, तोच तिथे जवळजवळ कोरडा वाहतो. श्रीलंकेतला त्या दिवसांतला पाऊस नैऋत्येकडच्या डोंगराळ भागात पडून जातो. कल्पिटिया ज्यात येतं तो पुत्तलमचा पट्टा सपाट आणि कोरडा. ढग वर चढवायला डोंगरच नाही, म्हणून वारा सरळ घोंघावत जातो. मेपासून ऑक्टोबरपर्यंत हा मोसम. डिसेंबर ते मार्च आणखी एक असतो, ईशान्येच्या वाऱ्याचा, पण तेव्हा आपले शॅक भरलेले असतात. खानावळ टाकून कोण जातं?

जाण्याची पहिली अट: जिथून निघालात तिथेच काइटवर परत येता आलं पाहिजे. अजून प्रत्येक फेरीनंतर बोर्ड बगलेत मारून वाळूतून चालत परतत असाल, तर आणखी एक मोसम मोरजीला काढा. दुसरी अट, खोल पाण्यात लाईन्स (काइटच्या दोऱ्या) बारवर, म्हणजे हातातल्या दांड्यावर, गुंडाळून, काइट उलटी धरून तिच्याच आधाराने काठाला लागता आलं पाहिजे. हे कोर्समध्ये एकदा करून घेतात आणि नंतर सगळे विसरतात. निघायच्या आधी शापोरा नदीच्या मुखापासून लांब, कुणाला तरी काठावर उभं करून, तीनदा करून बघा.

काइटचे आकार हा आपल्या लोकांचा सगळ्यात मोठा घोळ. आपल्याकडे फेब्रुवारी ते मे दुपारनंतर वायव्येचा वारा सुटतो, बहुतेक दिवस १२-१४ नॉटचा. माझं वजन ५८ किलो, इथे माझी १२ मीटरची, म्हणजे १२ चौरस मीटरची, काइट चालते. ती मी हौसेने कल्पिटियाला नेली आणि ती दीड महिन्यात दोनदा बाहेर आली. तिथे दुपारी २० नॉट म्हणजे रोजचंच, २५ झाले तरी कुणी मान वळवत नाही. वारा दुप्पट झाला की ओढ दुप्पट होत नाही, चौपट होते. १२ नॉटला जी काइट प्रेमाने ओढते ती २४ ला माणसाला उचलून वाळूवर आपटते. माझ्या वजनाला तिथे ९ आणि ७ या दोनच पुरल्या असत्या. पंच्याऐंशी किलोचा गडी असेल तर त्याने १२ आणि ९ न्याव्यात.

सामानाचं वजन घरच्या काट्यावर करा, विमानतळावर नको. माझ्या तीन काइट, बार, १३४ सेंटीमीटरचा बोर्ड, हार्नेस (काइट अडकवायचा अंगावरचा पट्टा), पंप आणि बॅग मिळून २४ किलो भरलं. १२ ची काइट घरी ठेवली असती तर २० मध्ये बसलं असतं. तिकीट काढतानाच खेळाचं सामान म्हणून नोंदवा आणि त्याचा कागद छापून जवळ ठेवा. मी मोपा विमानतळावरून बेंगळुरू आणि तिथून कोलंबो असे गेले. मधल्या टप्प्यावर एका बाईने बॅग बघून "ये क्या है, सर्फबोर्ड? अलग चार्ज लगेगा" म्हणत वीस मिनिटं घालवली. कागद दाखवल्यावर गप्प झाली. पॉवर बँक हातातल्या पिशवीत, चेक-इनच्या बॅगेत कधीच नाही. बॅगेतल्या रिकाम्या जागेत कपडे कोंबा, काइटचं अंगही वाचतं.

भारतीय पासपोर्टला ईटीए (प्रवासाची ऑनलाइन परवानगी) काढावं लागतं. आधी ३० दिवसांची मुदत मिळते, पुढे वाढवून घ्यावी लागते. नियम आणि फी बदलत राहतात, म्हणून माझ्यावर विसंबू नका, निघायच्या आठवड्यात सरकारी साइट बघा. मुदतवाढीचा अर्ज तिसाव्या दिवसाची वाट न बघता विसाव्याच्या आसपास करा. विमा घेताना मात्र एक ओळ शोधून वाचा, साहसी खेळ त्यात धरले आहेत की वगळले आहेत. बहुतेक स्वस्त पॉलिसींत वगळलेले असतात.

विमानतळ कोलंबो शहरात नाही, उत्तरेला नेगोंबोजवळ कटुनायकेला आहे, म्हणजे कल्पिटियाच्याच वाटेवर. शहरात शिरून रात्र घालवायची गरज नाही. नेगोंबो, चिलाव, पुढे पुत्तलमच्या अलीकडे पालवीला डावीकडे वळलं की जिभेसारखा निमुळता भूभाग लागतो. एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला पुत्तलमची खाडी, मिठागरं, माड, पवनचक्क्या आणि रस्त्यात निवांत उभी गाढवं. गाढवं खरंच खूप आहेत, रात्री दुचाकी हळू हाका.

राहायला काइट-कॅम्प आहेत. छान आहेत, पण दीड महिन्याला खिसा फाटतो. मी चार रात्री कॅम्पमध्ये काढल्या आणि तेवढ्यात गावात खोली शोधली. भाव रात्रीचा विचारू नका, महिन्याचा विचारा, तोही दुपारचं जेवण धरून. माझे घरमालक तमिळ बोलणारे मासेमार. त्यांना मी अण्णा म्हणायचे, ते मला तंगच्ची, म्हणजे धाकटी बहीण. घरच्या बाईंच्या, म्हणजे अक्कांच्या, हातचं पोल सांबोल खाल्लं आणि दुसऱ्याच दिवसापासून घरची आठवण कमी झाली. खोबरं, मिरची, लिंबू आणि सुकवलेल्या माशाचा चुरा. आपली सुंगटांची किसमूर जणू लांबच्या काकाकडे वाढली. सकाळी शेवयांसारखे इडिअप्पम, वर पातळ डाळ. वाऱ्याच्या दिवसात पोटभर जेवून पाण्यात उतरू नका, एवढीच काय ती शिस्त.

बायकांना एक सांगते. गावात मुस्लिम आणि कॅथलिक वस्ती मोठी, वातावरण साधं. खाडीवर कुणी काही म्हणत नाही, पण बिकिनीवर वाण्याकडे जाऊ नये. मी पूर्ण बाह्यांचा लायक्रा आणि गुडघ्यापर्यंतची चड्डी घालायचे. उन्हापासून कातडीही वाचली.

आता पायाची गोष्ट. पहिल्या आठवड्यात मी सलग सहा दिवस, रोज चार-चार तास पाण्यात होते. इतका वारा आयुष्यात पहिल्यांदा मिळाला होता, सोडवेना. हार्नेसने बरगड्या सोलल्या, बोटांवर फोड आले आणि थकल्यावर पाय कुठे पडतोय ते कळेनासं झालं. नवव्या दिवशी उथळ पाण्यात उडी मारून उतरले ती नेमकी कालवांवर. टाच दीड इंच कापली. मी काय केलं असेल? खारं पाणी औषधच असतं म्हणून तिथेच धुतली, वर टेप गुंडाळला आणि आणखी दोन दिवस पाण्यात गेले. बाराव्या दिवशी पाय भाकरीसारखा फुगला. अण्णा मला टुकटुकमध्ये घालून पुत्तलमला घेऊन गेले. डॉक्टरांनी जखम उघडली तर आत शिंपल्याची बारीक कपची आणि वाळू. अँटिबायोटिक दिलं आणि दहा दिवस पाणी बंद केलं.

तेव्हा हे करा. खाडीचं पाणी स्वच्छ दिसलं तरी त्याने जखम धुवायची नाही. पिण्याच्या पाण्याने आणि साबणाने धुवा, आतला कचरा चिमट्याने काढा, कोरडी करून झाका आणि ती बुजेपर्यंत पाण्यात उतरू नका. भोवतीची लाली पसरू लागली, ठणका वाढला किंवा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टर गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन निघायच्या आधी. पातळ तळव्याचे पाण्यातले बूट पहिल्या दिवसापासून. मी ते ट्रिपच्या तेविसाव्या दिवशी विकत घेतले. आणि पहिल्या आठवड्यात दोन दिवस पाण्यात, एक दिवस बाहेर, कितीही वारा असला तरी.

त्या अकरा दिवसांत मी ब्लॅडर दुरुस्त करायला शिकले, हा त्यातला फायदा. माझी ९ ची काइट संध्याकाळी कडक फुगवून ठेवली की तासाभरात मऊ पडायची. बारीक भोक असणार. पुढच्या कडेच्या नळीत जो रबरी फुगा असतो तो बाहेर काढायचा, पण काढण्याआधी त्याच्या दोन्ही टोकांना लांब दोरा बांधायचा. दोरा आत राहिला तरच फुगा पुन्हा नळीत ओढता येतो, नाहीतर रात्रभर रडत बसा. मग फुगा हलका फुगवून त्यावर साबणाचं पाणी फिरवायचं. अक्कांनी भात धुवायचं मोठं पातेलं दिलं होतं. मी आणि त्यांचा आठ वर्षांचा मुलगा वीतवीत करत पुढे सरकत होतो. व्हॉल्व्हपासून हातभर अंतरावर त्याला दिसलं, मोहरीएवढा बुडबुडा, फुटायचा आणि पुन्हा यायचा. पेनने गोल करायचा, कोरडं करायचं, स्पिरिटने पुसायचं, पॅच चिकटवून वाटीच्या बुडाने घासायचा. आत घालताना फुग्याला भरपूर टाल्कम पावडर लावा, म्हणजे पीळ न पडता सरकतो. पीळ पडला तर पुढच्या वेळी तिथेच फाटतो. पॅच, दोरा, पावडर आणि जादाची एक पुढची लाईन, हे इथूनच न्या.

रोज लाँच करण्याआधी क्विक रिलीज (काइट झटक्यात सोडायची कळ) एकदा ओढून बघा. तिथली वाळू इतकी बारीक की दोन दिवसांत त्यात दाणे अडकून ते जाम होतं. गोड्या पाण्याची बाटली त्यासाठीच जवळ ठेवायची. काइट कुणाच्याही हातात देऊ नका. मदतीला धावणारा पर्यटक बहुतेक वेळा ती उलटी धरतो. आणि मासेमारांच्या होड्या नि जाळी दिसली की २२ मीटरच्या लाईन्स घेऊन त्यांच्या वाऱ्याच्या बाजूने जायचंच नाही, खालून वळसा घ्यायचा. मोरजीला रापणीचं जाळं ओढताना कुणी मध्ये काइट घुसवली तर आपले रापणकार काय म्हणतात, ते आठवा.

वारा पडला तर तळविलाला जा. सेंट अॅनचं जुनं चर्च, जुलै-ऑगस्टमध्ये तिथे मोठी यात्रा भरते. मला तिसवाडीतल्या सांताना तळावलीचं तवशांचं, म्हणजे काकड्यांचं, फेस्त आठवलं, तेही याच संतीणीचं आणि जुलैतच. डचांचा कल्पिटियाचा किल्ला नौदलाच्या ताब्यात आहे, दारावर परवानगी विचारून आत जाता येतं. तिसऱ्या दिवशीही वारा नसेल तर सरळ झोपा.

एकटीने इतके दिवस गेलं की चौथ्या आठवड्यात एक विचित्र कंटाळा येतो. वारा आहे, तब्येत आहे, पण उठावंसं वाटत नाही. मला वाटलं, मलाच काहीतरी झालंय. शेजारच्या खोलीत राहणारा, दरवर्षी येणारा म्हातारा जर्मन म्हणाला, सगळ्यांना होतं. त्या आठवड्यात घरी रोज फोन करा. आईला मी निघताना काइट म्हणजे २०२४च्या पॅरिस ऑलिम्पिकमध्ये होता तो खेळ, असं सांगून पटवलं होतं. तेव्हापासून ती फोनवर विचारायची, "पदक मिळालं का गो?"

परतीची तारीख चवथ (गणेशचतुर्थी) बघून ठरवा. २०२५ला चवथ २७ ऑगस्टला होती. तीन आठवडे आधी आले तेही कमीच पडले, कारण सामान वाळवायला वेळ लागतो. तिथेच शेवटच्या दिवशी गोड्या पाण्याने सगळं धुऊन कडकडीत वाळवून भरा. मी घाईत ७ ची काइट ओलसर भरली. घरी आले तर बाहेर धो धो पाऊस आणि काइटवर काळे ठिपके. मग माजघरातल्या वाशांना दोऱ्या बांधून ती आडवी टांगली, खाली पंखा लावला. पंधरा दिवस येणारा-जाणारा तिच्याखालून वाकून जात होता. शेवटी आईने पाटावर उभं राहून गाठी सोडायला घेतल्या. "हे आधी खाली काढ, गणपतीवर माटोळी बांधायची आहे."