मॉडेल टीला हँडल मारण्याआधी: डावा दांडा वर

विहिरीवरच्या डिझेल इंजिनाला हँडल मारायचा हात बसलेला असेल, तर फोर्ड मॉडेल टीपुढे उभं राहताना ती सवय बाजूला ठेवा. डिझेलला कॉम्प्रेशनचा खटका उचलून हँडल गरागरा फिरवतात आणि वेग आला की खटका सोडतात. 1908 ते 1927 या काळात बनलेल्या या मोटारगाडीच्या चार सिलिंडरच्या, 20 हॉर्सपॉवरच्या पेट्रोल इंजिनाला तसा खटकाच नाही. ठीकठाक असलेलं इंजिन पाव फेऱ्यात चालू होतं. गोल फिरवायला गेलात तर अर्ध्या फेरीत हँडल खाली दाबलं जातं, आणि त्याच क्षणी इंजिन उलटलं की मनगट मोडतं.

उलटतं ते ठिणगी लवकर पडल्यामुळे. स्टिअरिंगखाली दोन दांडे असतात: उजवा थ्रॉटलचा (इंजिनाचा वेग कमी-जास्त करणारा), डावा स्पार्कचा, म्हणजे ठिणगीचा. डावा खाली ओढला की ठिणगी आधी पडते, वर सारला की उशिरा. हाताने फिरणाऱ्या इंजिनाला वेग नसतो. पिस्टन वर पोचायच्या आत गॅस पेटला तर तो पिस्टनला आल्या वाटेने मागे रेटतो आणि हँडल उलटं भिरकावलं जातं. म्हणून डावा दांडा पूर्ण वर. हँडलला हात लावण्याआधी तो स्वतःच्या डोळ्यांनी बघा, दुसऱ्याने सांगितलं म्हणून विश्वास ठेवू नका.

आता ऑइल. मोजायला पट्टी नाही. गाडीखाली फ्लायव्हीलच्या आवरणावर खाली-वर दोन छोटे कॉक आहेत. खालचा उघडल्यावर ऑइल आलं नाही तर इंजिन चालू करू नका. वरच्यातून थेंब पडले की भरलं. जाड ऑइल टाळा, 10डब्ल्यू-30 पुरे. क्लचच्या चकत्या याच ऑइलमध्ये बुडालेल्या असतात. थंडीत ऑइल घट्ट झालं की त्या एकमेकींना चिकटतात आणि इंजिन चालू होताच गाडी समोरच्या माणसाच्या अंगावर सरकते. हँडब्रेक पूर्ण मागे ओढा (त्यानेच क्लचही सुटतो) आणि तरीही पुढच्या चाकांपुढे लाकडी ठोकळे ठेवा.

थ्रॉटल चार-पाच दाते खाली घ्या. इंजिन थंड असेल तर कार्ब्युरेटरची सुई पाव फेरा जास्त उघडा. स्विच बंद ठेवून रेडिएटरजवळची चोकची तार ओढून धरा आणि हँडल दोन-तीनदा पाव-पाव फेरा वर ओढा. यापेक्षा जास्त नको. कार्ब्युरेटरखाली पेट्रोल ठिबकायला लागलं तर ओव्हर झालं असं समजा. मग चोक सोडा, थ्रॉटल पूर्ण उघडा, स्विच बंदच ठेवून चार-पाच वेळा ओढा. तरीही जमलं नाही तर प्लग काढून पुसा.

चोक सोडला की स्विच बॅटरीवर. कधी लगेच कॉइलची (ठिणगीसाठी विजेचा दाब वाढवणाऱ्या गुंडाळीची) गुणगुण ऐकू येते, कधी नाही. टायमरचा (कुठल्या सिलिंडरला कधी ठिणगी द्यायची ते ठरवणाऱ्या भागाचा) रोलर दोन संपर्कांच्या मधे थांबला असेल तर शांतता बरोबरच आहे. आता हँडल आत दाबून खाली डावीकडे, घड्याळातल्या आठच्या जागी आणा. डाव्या हाताने धरा, अंगठा बोटांच्याच बाजूला, मुठीभोवती गुंडाळलेला नको. मग एका झटक्यात वर ओढा. हँडल उलटलं तर ते बोटांतून निसटून जातं.

बॅटरी नसलेल्या गाडीत फक्त मॅग्नेटो (इंजिन फिरलं की चुंबकांनी वीज तयार करणारा भाग) असतो. फ्लायव्हीलवरच्या 16 चुंबकांना हाताच्या वेगाने पुरेसा विजेचा दाब तयार करता येत नाही, म्हणून ओढ जोरात हवी आणि स्पार्कचा दांडा तीन-चार दाते खाली. बॅटरीवर हे तीन-चार दातेसुद्धा घेऊ नका, कारण तिथे मंद वेगातही ठिणगी पूर्ण ताकदीने पडते.

चालू झालं की स्पार्क हळूहळू निम्म्यापर्यंत खाली आणा, आवाज लगेच मोकळा होतो. मग स्विच मॅग्नेटोवर करा आणि इंजिन तापलं की सुई पूर्ववत फिरवा.

एक सिलिंडर मारत नसेल तर कॉइलबॉक्स उघडून चारही कॉइलच्या थरथरणाऱ्या पट्ट्या एकेक करून बोटाने दाबा. जी दाबल्यावर इंजिनाचा आवाज बदलत नाही, तिचा सिलिंडर मेलेला. इंजिन बंद करून ती कॉइल शेजारच्या खणात ठेवा. दोष कॉइलबरोबर सरकला तर पॉइंट घासून गॅप 0.76 मिमी करा. जागेवरच राहिला तर वायर, प्लग किंवा टायमर बघा. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, 1-2-4-3 आहे. आजच्या गाड्यांच्या सवयीने बरेचजण 1-3-4-2 जोडतात आणि मग दिवसभर कार्ब्युरेटरला दोष देतात.

बंद केल्यावर स्विचची किल्ली काढून खिशात टाका. गरम इंजिन योग्य जागी थांबलं असेल तर कुणी नुसती किल्ली बॅटरीकडे फिरवली तरी ते हँडलशिवाय चालू होतं.