ओट्यावरचा अंधार

नागपूरच्या उन्हाळ्यात आमच्या महाल भागातल्या घराच्या स्वयंपाकघरात भर दुपारी दिवा लावावा लागतो. एकुलत्या एका खिडकीत कूलर बसतो, की उजेड गेलाच. यंदा आई तांदूळ निवडताना सूप पुन्हा पुन्हा दाराकडे न्यायची. "खडा दिसतच नाही रे," म्हणाली, तेव्हा मला फार वाईट वाटलं.

आधी मी जास्त वॅटची ट्यूब आणली. काही फरक नाही! मग ओट्याशी स्वतः उभा राहिलो, तेव्हा कळलं: ट्यूब पाठीमागच्या भिंतीवर, त्यामुळे आपलीच सावली विळीवर पडते. त्यात ओटा काळ्या कडप्प्याचा, तो उजेड पिऊन टाकतो.

सीताबर्डीतून दोन फुटी, १० वॅटची एलईडी बॅटन, म्हणजे पट्टीसारखा दिवा, आणली. खोक्यावर वॅट नाही, ल्यूमेन बघा. उजेड किती ते त्यावरूनच कळतं. उजेडाचा रंग ४००० केल्विनचा, म्हणजे किंचित पिवळसर पांढरा, घेतला. ६५०० चा निळसर पांढरा मला स्वयंपाकघरात नकोसा वाटतो. सीआरआय (रंग किती खरे दिसतात त्याचं माप) ९० च्या वरचा मागितला, म्हणजे हळद, तिखट खऱ्या रंगात दिसतं. वायरमननं मेन स्विच बंद करून ती ओट्यावरच्या फळीखाली, पुढच्या कडेला बसवली. मागे लावली असती तर भिंतच उजळली असती. छताला पांढरा चुना मी मारला.

वय वाढलं की डोळ्यांत उजेड कमी शिरतो, म्हणून आईसाठी जरा जास्तच ठेवलाय. आता सूप ओट्यावरच असतं.