कणीक, महाळुंग आणि चव्वेचाळीस मेणबत्त्या: ज्यू बालवर्गातल्या वर्षाची तयारी

ओळखीतल्या दोघीतिघी यंदा इथे न्यू जर्सीत ज्यू प्रीस्कूलमध्ये सहायक शिक्षिका म्हणून लागल्या. सगळ्यांनी मला एकच विचारलं, "सणांची तयारी म्हणजे नेमकं काय काय करायचं गं?" प्रत्येकीला फोनवर तासभर सांगण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते.

आधी एक गोष्ट लक्षात घ्या. हानुका आणि पुरीम सोडले तर मोठ्या सणांना शाळा बंद असते. सण मुलांच्या घरी होतो, आपल्या वर्गात होते ती फक्त तयारी. मग ती तरी मुलांच्या हातून व्हायला हवी. पहिल्या वर्षी मी रात्री जागून अठरा लाल कागदी सफरचंदं कापली, सगळी अगदी एकसारखी. मुलांनी ती दोन मिनिटांत चिकटवली आणि ठोकळे खेळायला निघून गेली. संध्याकाळी एक आई भिंतीवर आपल्या मुलीचं सफरचंद शोधत बसली, तिला ते ओळखता येईना. तेव्हापासून कात्री मुलांकडे. वाकडी सफरचंदं भिंतीवर छान दिसतात.

ऑगस्टमध्ये वर्ग लावतानाच हिब्रू कॅलेंडर समोर ठेवा. त्यांचा दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे तारखेच्या आदल्या दुपारीच सगळं आवरलेलं हवं. आपल्यासारखाच त्यांना अधिक महिना असतो, एकोणीस वर्षांत सात वेळा, फक्त त्यांचा अधिक महिना ठरलेला आहे, अदार. आपला अधिक ज्येष्ठ २०२६ मध्ये आहे, त्यांचा अधिक अदार २०२७ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये. म्हणून २०२७ चा पेसाख, म्हणजे आठ दिवस पाव वर्ज्य असणारा सण, चांगला उशिरा, २१ एप्रिलच्या संध्याकाळी बसतो. रोश हशाना, म्हणजे नवं वर्ष, ११ सप्टेंबर २०२६ च्या संध्याकाळी सुरू होतं आणि १४ तारखेला सोमवारी गणपती. मोदकांसाठी रजा हवी असेल तर आत्ताच मागून ठेवा.

दुसरं काम स्वतःच्या डब्याचं. यात आपण मराठी बायका हमखास अडकतो. बऱ्याच शाळांत शेंगदाणे आणि सुकामेवा वर्ज्य असतो आणि आपलं कूट तर खिचडीपासून भरल्या वांग्यापर्यंत सगळीकडे. तिळाचंही तेच, अमेरिकेत २०२३ पासून तीळ नववा मुख्य ॲलर्जन म्हणून मोजतात. शिवाय कोशर, म्हणजे ज्यू आहारनियम पाळणाऱ्या, शाळेत बाहेरचं मांस आत येत नाही, आणि दूध व मांस एकत्र तर नाहीच. शाकाहारी असलात तरी निश्चिंत राहू नका, वर्गासाठी विकत आणलेल्या प्रत्येक पुड्यावर कोशरचं चिन्ह बघूनच तो आत न्या. खात्री नसेल तर न्यायचा नाही. ॲलर्जीची यादी फळ्यामागे न चिकटवता ओट्याच्या वर, डोळ्यांसमोर लावा.

शुक्रवारची तयारी वर्षभर चालते, म्हणून ती आधी सांगते. शब्बातसाठी, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून सुरू होणाऱ्या विश्रांतीच्या दिवसासाठी, वेणीसारखी गुंफलेली पावाची लादी करतात, तिचं नाव 'खल्ला'. इथले बरेच जण ते 'हल्ला' असं म्हणतात, आणि अठरा मुलं पिठावर तुटून पडली की तोच उच्चार बरोबर वाटायला लागतो. अर्धा किलो मैद्याला सात ग्रॅमचं यीस्टचं एक पाकीट पुरतं. पाणी कोमट, मनगटावर ऊन लागेल इतकंच. सकाळी आल्या आल्या भिजवा, म्हणजे फुगायला वेळ मिळतो. एक मूठ पीठ काचेच्या उभ्या बरणीत घालून बाहेरून मार्करने रेघ मारा आणि दर अर्ध्या तासाने नवी रेघ मुलांना मारू द्या. कच्चं पीठ तोंडात जाऊ देऊ नका, त्यातून जंतू पोटात जाऊ शकतात. मेणबत्त्या बॅटरीच्या, द्राक्षाचा रस छोट्या पेल्यांत, आणि दानपेटीत टाकायला नाणी. नाण्यांचा आवाज होईल असा पत्र्याचा डबा घ्या, कापडी पिशवीत मुलांना मजा येत नाही.

रोश हशानाला सफरचंद आणि मध. तीन रंगांची सफरचंदं आणा, मुलांना चाखू द्या आणि कुणाला कुठलं आवडलं ते ठिपके चिकटवून मोजा. शेजारी एक वर्षाखालच्या बाळांची खोली असेल तर मधाचं बोट तिकडे जाता कामा नये, बाळांना त्यातून बॉटुलिझम होऊ शकतो. शोफार हे मेंढ्याचं शिंग. त्याला वास येतो, मुलं नाक मुरडतात. मुरडू द्या, हात लावू द्या. फुंकायला मात्र प्रत्येकाला पुठ्ठ्याची आपापली नळी. यंदा रोश हशानाचा पहिला दिवस शनिवारी येतो आणि शब्बातला सिनेगॉगमध्ये शोफार वाजवत नाहीत. त्यामुळे काही मुलांनी तो पहिल्यांदा आपल्या वर्गातच ऐकलेला असेल.

योम किप्पूरला, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवशी, मोठ्यांचा उपास असतो, वर्गात फारसं काही नसतं. पण त्यानंतर पाचच दिवसांत सुक्कोत, मांडवाचा सण, येतो, म्हणून मांडवाचं सामान सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मागवा. मांडव म्हणजे खरोखर मांडवच. छपराला जमिनीतून उगवलेलं आणि कापलेलं काहीतरी हवं, सावली उन्हापेक्षा जास्त पडायला हवी, आणि रात्री फटींतून तारे दिसावेत असं म्हणतात. ताडपत्री घातली की तो मांडव 'सुक्का' राहत नाही, पाऊस आला तरी. म्हणून कागदी साखळ्या आधीच लॅमिनेट करा. दोऱ्या मुलांना बांधू द्या. त्यांच्या गाठी सुटतील, मग पुन्हा बांधतील.

या सणात चार वनस्पती हातात धरतात, खजुराचं न उलगडलेलं पान, मर्टल, वाळुंज आणि एत्रोग. एत्रोग पहिल्यांदा हातात आलं तेव्हा मी वास घेतला आणि चमकले. हे तर महाळुंग! कोल्हापूरच्या अंबाबाईच्या हातातलं फळ. आमच्या संचालकबाईंना मी ते सांगितलं, तर त्यांनी मला मुलांसमोर उभं करून पुन्हा सांगायला लावलं. फळाच्या टोकाला छोटा दांडा असतो, पिताम. तो असलेलं फळ घेतलं आणि दांडा तुटला, तर ते सणाच्या विधीला चालत नाही, आणि फळ बरंच महाग असतं. तेव्हा एत्रोग फक्त हुंगायला, मोठ्यांच्या हातात. कापायला, पिळायला, साल किसायला लिंबं आणा.

हानुका २०२६ मध्ये ४ डिसेंबरच्या संध्याकाळी सुरू होतो. आठ रात्री, रोज एक ज्योत जास्त, आणि बाकीच्या पेटवणारी 'शमाश' वेगळी. एकूण मेणबत्त्या किती लागतील ते मुलांकडून मांडून घ्या, उत्तर चव्वेचाळीस येतं आणि ते बघून मोठी माणसंही चकित होतात. मेणबत्त्या उजवीकडून डावीकडे मांडतात आणि पेटवताना सुरुवात सगळ्यात नव्या, डावीकडच्या मेणबत्तीपासून. मातीच्या पट्टीत हार्डवेअरच्या दुकानातले लोखंडी नट रोवले की मेणबत्त्या छान बसतात. आठही एका उंचीवर हव्यात, शमाश वर किंवा बाजूला. काडी ओढायची ती आपण. लाटके म्हणजे बटाट्याचा कीस तळून केलेल्या टिकिया. किसणी लहान बोटांना नको. बटाटे घासायला आणि कीस पिळायला मुलांना द्या. पिळलेलं पाणी वाडग्यात दहा मिनिटं ठेवून वरचं ओता, तळाशी पांढरा थर दिसतो. तळणापेक्षा मुलं त्या थराशीच जास्त वेळ रमतात.

तू बिश्वात, झाडांचा दिवस, २३ जानेवारी २०२७ चा, शनिवारचा. तेव्हा काम शुक्रवारी. पार्सलीचं बी रात्रभर भिजत घालून त्या दिवशी पेरा. उगवायला तीन-चार आठवडे लागतात, धीर सोडू नका. हीच पार्सली पेसाखच्या ताटात लागते, आणि एरवी दोन महिने मिळतात ते यंदा तीन आहेत. याच सणाला आपल्याकडचे बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी ज्यू, एलियाहू हनाबी या प्रेषिताच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले गोड पोहे, खोबरं, फळं. ठाण्याला लहानपणी शेजारच्या काकूंकडे मी तो खाल्लेला आहे. वर्गात करायचा असेल तर एक महिना आधी विचारा. पोहे कोशर चिन्हाचे मिळायला हवेत, आणि खोबऱ्याचं पालकांना आधी कळवावं लागतं.

पुरीम होळीच्या आसपास येतो. बेने इस्रायल त्याला 'होळीचा सण'च म्हणत. हामानताशन म्हणजे सारण भरलेली त्रिकोणी बिस्किटं. त्यांच्या पारीच्या तीन कडा चिमटायला आपली करंजीची बोटं कामी येतात, पण मुलांच्या त्रिकोणातलं सारण सांडू द्या. पुरीमच्या गोष्टीत दुष्ट हामानचं नाव आलं की खुळखुळे वाजवायचे असतात. खुळखुळ्यात कडधान्य घालत असाल तर झाकणाला दुहेरी चिकटपट्टी लावा. आवाज सोसत नाही अशा मुलांसाठी कान झाकणारे हेडफोन आधीच काढून ठेवा.

पेसाखची तयारी सगळ्यात मोठी, आणि इथेच नवख्या बायका चुकतात. गहू, जव, राय, ओट आणि स्पेल्ट यांचं, पाण्यात भिजून आंबू शकेल असं काहीही त्या आठ दिवसांत जवळ ठेवायचं नाही. आपल्याला वाटतं, पाव-बिस्किटं काढली की झालं. मग कुणीतरी खेळायच्या कणकेचा डबा उघडतं. ती मैद्याचीच! रंगवलेला पास्ता, ओट भरलेला टब, चिकटवलेल्या शेवया, सिरियलच्या माळा, मागच्या सप्टेंबरपासून कपाटात पडलेली पीठ लावलेली चित्रं, सगळं त्याच यादीत. तीन आठवडे आधी कपाटं रिकामी करायला घ्या. ब्लॉकचे टब मुलांना साबणाच्या पाण्यात धुऊ द्या, ओली फरशी होणारच. मग खोलीत पावाचे दहा तुकडे लपवून, दिवे मालवून, टॉर्च आणि पीस देऊन मुलांना शोधायला सोडा. कुठे लपवले ते स्वतः लिहून ठेवा. एका वर्षी मला नऊच सापडले.

मात्झा म्हणजे न आंबवलेली पातळ रोटी, तिची गंमत त्याआधीच उरका. पीठ-पाणी एकत्र आल्यापासून भट्टीतून निघेपर्यंत अठरा मिनिटांच्या आत. मोठं घड्याळ लावा आणि मुलांची धावपळ होऊ द्या. ही मात्झा खेळातली, सणाची दुकानातून येते. वाइन-अक्रोडाचा 'हारोसेत', म्हणजे पेसाखच्या ताटातली गोड चटणी, आपल्या वर्गात द्राक्षाचा रस आणि सूर्यफुलाच्या बिया घालून. खोट्या सेदरला, म्हणजे पेसाखच्या विधीच्या जेवणाच्या सरावाला, पार्सली मुलांनीच खुडायची. त्या दिवसांत डब्यात पोळी नाही, आणि पुष्कळ अश्केनाझी (युरोपीय वंशाच्या ज्यू) घरांत भात-डाळही चालत नाही, तेव्हा शाळेचा नियम आधी विचारा. मी बटाटे आणि दही नेते.

आणखी एक. ज्या कागदावर हिब्रूत देवाचं नाव छापलेलं असतं तो कचऱ्यात जात नाही, त्याचं वेगळं खोकं असतं. हे आपल्याला समजावून सांगावं लागत नाही, पाय लागला तर आपण पुस्तकालाही नमस्कार करतो. हिब्रू उजवीकडून डावीकडे वाचतात, त्यामुळे भिंतीवर गोष्टीची चित्रं लावताना क्रम विचारून घ्या.

जूनमध्ये शावुओत. फुलं, दुधाचे पदार्थ, एवढंच. झाकण घट्ट लावलेल्या बरणीत दाट साय घालून मुलांना आळीपाळीने हलवायला द्या, दहा-पंधरा मिनिटांत लोणी येतं. खाली उरतं ते ताक, आंबट नसलं तरी. त्या दिवशी डब्यात पोळी असू द्या.