जाहिरातीची जागा रिकामी राहते? फॉलबॅक लावताना या चुका टाळा

साइटवर ॲडसेन्सचा (गूगलची जाहिरात सेवा) कोड टाकला म्हणजे प्रत्येक वेळी जाहिरात येईलच असं नाही. त्या वाचकासाठी कोणी बोलीच लावली नाही, अकाउंटवर ॲड लिमिट लागलंय, ॲड्स डॉट टीएक्सटी फाइलमध्ये (तुमच्या साइटवर जाहिराती कोण विकू शकतं ते सांगणारी फाइल) पब्लिशर आयडी चुकलाय, कारण काहीही असो, लेखाच्या मधोमध पांढरा चौकोन उरतो आणि वाचकाला वाटतं साइट बिघडलीये. तिथे आपला एखादा जुना लेख, न्यूजलेटर किंवा स्वतःचं प्रॉडक्ट दाखवता येतं, यालाच फॉलबॅक म्हणतात. (हे फक्त हाताने लावलेल्या ॲड युनिटसाठी बरं का, ऑटो ॲड्समध्ये जागा गूगलच ठरवतं.)

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे टायमर. दोन-तीन सेकंद थांबायचं, स्लॉटची, म्हणजे जाहिरातीच्या जागेची, उंची शून्य दिसली की आपला बॅनर टाकायचा, असा कोड खूप जण कॉपी करतात. ऑफिसच्या वायफायवर तो मस्त चालतो, पण एसटीत बसून मोबाइलवर वाचणाऱ्याकडे जाहिरात सहाव्या सेकंदाला पोचली तर तोवर आपला बॅनर आलेला असतो, मग वर बॅनर, खाली जाहिरात आणि मधला मजकूर गायब. अंदाज बांधायची गरजच नाहीये, कारण जाहिरात मिळाली की नाही हे ॲडसेन्स स्वतःच इन्स टॅगवर (त्याच्या कोडमधला जाहिरात धरणारा डबा) लिहून ठेवतं. डेटा-ॲड-स्टेटस नावाचं ॲट्रिब्यूट बघा, त्यात फिल्ड (जाहिरात मिळाली) नाहीतर अनफिल्ड (मिळाली नाही) येतं.

इथेच पुढची गल्लत होते. त्याच टॅगवर डेटा-ॲड्सबायगूगल-स्टेटस असं जवळपास सारख्या नावाचं दुसरं ॲट्रिब्यूट असतं आणि त्यात डन येतं. डन म्हणजे स्क्रिप्टने तो टॅग हाताळला एवढंच, जाहिरात आली असा त्याचा अर्थ नाही. त्यावर फॉलबॅक लावलात तर सगळं उलटसुलट होईल.

मग करायचं काय, तर आपली लिंक आणि बॅनर इन्सच्या आत ठेवायचा, सीएसएसने ती लिंक आधी डिस्प्ले नन करायची, म्हणजे लपवायची, आणि ज्या इन्सवर अनफिल्ड आहे फक्त त्याच्या आतल्या लिंकला डिस्प्ले ब्लॉक द्यायचं. जावास्क्रिप्ट लागतच नाही. पहिल्या नियमाला इम्पॉर्टंट लावलं असेल तर दुसऱ्यालाही लावा, नाहीतर बॅनर कधीच दिसणार नाही आणि तुम्ही उगाच कॅश क्लिअर करत बसाल.

काही जण लिंकऐवजी अख्खा इन्सच सुरुवातीला लपवतात. तसं करू नका. लपवलेल्या डब्याला रुंदी नसते, मग कन्सोलमध्ये 'नो स्लॉट साइझ फॉर अव्हेलेबलविड्थ=0' अशी एरर येते आणि जी जाहिरात मिळाली असती तीही जाते.

आता उंचीचं. स्लॉट रिकामा निघाला की जागाच मिटवून टाकायची (उंची शून्य करायची), हा सल्ला सगळीकडे मिळतो, पण लेख वाचता वाचता मजकूर वर उडी मारतो तेव्हा वाचक वैतागतो, आणि गूगलच्या कोर वेब व्हायटल्समधला सीएलएस स्कोअर (पानावरचा मजकूर किती हलतो त्याचं माप) बिघडतो तो वेगळाच (0.1 पर्यंत चांगला, 0.25 च्या वर वाईट). लेखाच्या मधल्या स्लॉटला मिनिमम हाइट द्या, 300 बाय 250 चा असेल तर 250 पिक्सेल, आणि फॉलबॅकही त्याच मापाचा बनवा. मिटवायचंच असेल तर पानाच्या तळाचे स्लॉट मिटवा, आणि तेव्हा वरचं 'जाहिरात' हे लेबलसुद्धा लपतंय ना ते बघा, खूप साइट्सवर ते बिचारं एकटंच लटकलेलं दिसतं.

ॲड ब्लॉकरवाल्या वाचकाला हा फॉलबॅक दिसणार नाही हे धरून चाला. स्क्रिप्टच अडली तर अनफिल्ड लिहिणार कोण? शिवाय बरेच ब्लॉकर ॲड्सबायगूगल क्लासचा टॅगच लपवतात. त्यांच्यासाठी वेगळी सोय हवी असेल तर ती इन्सच्या बाहेर करा, आणि चित्राच्या फाइलचं किंवा फोल्डरचं नाव ॲड्स, बॅनर असं ठेवू नका, ब्लॉकर नावावरूनही अडवतात.

ॲडसेन्सऐवजी गूगल ॲड मॅनेजर वापरत असाल तर स्लॉटरेंडरएंडेड इव्हेंटमधलं इजएम्प्टी (स्लॉट रिकामा आहे का) तपासा, पण तो इव्हेंट ऐकणारा कोड, म्हणजे लिसनर, डिस्प्लेच्या कॉलआधी जोडा, नंतर जोडला तर इव्हेंट निघून गेलेला असू शकतो. त्याहून सोपं म्हणजे हाउस लाइन आयटम (आपल्याच जाहिरातीची नोंद) करून ठेवणं, ज्याची प्रायोरिटी सगळ्यात खाली असते. त्यात क्रिएटिव्हचं, म्हणजे दिसणाऱ्या बॅनरचं, माप स्लॉटच्या मापाशी जुळलंच पाहिजे. आणि हाउस ॲड आली की स्लॉट भरलेलाच धरला जातो, म्हणजे इजएम्प्टीवाला कोड चालणार नाही. 'माझा कोड चालत नाही' म्हणणाऱ्यांनी आधी हे बघावं.

टेस्ट करायला रिकाम्या स्लॉटची वाट बघत पान पुन्हा पुन्हा रिफ्रेश करू नका. क्रोममध्ये इन्स्पेक्ट उघडा, इन्स टॅगवरचं फिल्ड खोडून अनफिल्ड टाइप करा, तुमची लिंक लगेच दिसू लागतेय का ते कळेल. आतली जाहिरातीची आयफ्रेम मात्र तशीच राहील, त्यामुळे दोन्ही एकत्र दिसले तर घाबरू नका.