वाचन-गणिताच्या जादा वर्गासाठी सरकारी पैसा कसा मागायचा: पालिका शाळेच्या समितीसाठी

चौथीतल्या मुलाला दुसरीच्या पुस्तकातला धडा वाचता येत नसेल, तर त्याला जादा शिकवणं ही शाळेची मेहेरबानी नाही. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम २४ मध्ये शिक्षकाचं कर्तव्य म्हणून ते लिहिलेलं आहे: मुलाची शिकण्याची क्षमता तपासायची आणि लागेल तिथे जादा शिकवायचं. पण एकट्या बाईंना वर्ग सांभाळून मागे पडलेल्या पंधरा मुलांना रोज तासभर देता येत नाही. त्यासाठी आणखी एक माणूस, साहित्य आणि खोली लागते, म्हणजेच पैसा लागतो. तो मागताना बहुतेक समित्यांच्या हातून दोन चुका होतात. मागणी उशिरा जाते, आणि तिच्यात मुलांचा आकडा नसतो.

इथे सांगितलेला मार्ग मुंबई महापालिकेच्या शाळांसाठी आहे. अनुदानित शाळेतही शाळा व्यवस्थापन समिती असते, पण २०१२ च्या दुरुस्तीनंतर तिचं काम सल्ल्यापुरतं उरलं आहे. पालिका शाळेच्या समितीवर मात्र कलम २२ नुसार शाळा विकास आराखडा करण्याची जबाबदारी आहे, आणि अनुदान देताना हाच आराखडा आधार धरायचा असं तेच कलम सांगतं. समितीचे तीन चतुर्थांश सदस्य पालक असतात. या कागदावर पालकांचा हक्क आहे, तो वापरा.

जुलै: आधी यादी

मागणीचा पाया म्हणजे नावानिशी यादी. परीक्षेचे गुण त्यासाठी चालत नाहीत. फळ्यावरून उतरवून घेणाऱ्या मुलालाही गुण मिळतात, पण त्याला वाचता येतंच असं नाही. प्रत्येक मुलाला एकेकटं व्हरांड्यात बसवून पाच ते सात मिनिटं तपासा. वाचनासाठी ‘असर’ या मुलांच्या वाचन-गणिताच्या देशव्यापी पाहणीची पट्टी साधी आणि पुरेशी आहे: अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट. गणितासाठी १ ते ९ ओळखणं, १० ते ९९ ओळखणं, हातच्याची वजाबाकी आणि तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं. मूल जिथे अडतं ती पायरी तारखेसह लिहा.

घाई करू नका. ५२ वजा २७ हे गणित घ्या. एक मूल ३५ लिहितं. त्याने दोन्ही स्तंभांत मोठ्या अंकातून लहान अंक काढला आहे, कारण हातचा म्हणजे नक्की काय हे त्याला कळलेलं नाही. दुसऱ्याला तुम्ही ‘सत्तावीस’ सांगता आणि ते ७२ लिहितं. मराठीत सात आधी ऐकू येतात, म्हणून त्याने सात आधी लिहिले. पहिल्याला काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे सोडून वजाबाकी करायला द्यायला हवी, दुसऱ्याला दशक-एककाची कार्डं. दोघांच्या नावापुढे नुसतं ‘गणितात कच्चा’ लिहिलं, तर जादा वर्गात दोघांनाही तेच पाढे घोकावे लागतील आणि तीन महिन्यांनी दोघेही तिथेच असतील.

पालिका आठ माध्यमांत शाळा चालवते. उतारा शाळेच्या माध्यमातलाच घ्या, पण वाचून झाल्यावर ‘काय झालं ते सांग’ म्हणाल तेव्हा मुलाला घरच्या बोलीत उत्तर देऊ द्या. मराठी माध्यमात शिकणाऱ्या, घरी भोजपुरी बोलणाऱ्या मुलीला गोष्ट कळलेली असते. फक्त मराठीत सांगता येत नाही म्हणून तिला खालच्या गटात टाकणं हा तिच्यावर अन्याय आहे.

यादीच्या शेवटी ‘निपुण भारत’ या केंद्र सरकारच्या वाचन-गणित अभियानाची मोजपट्टी जोडा. ५ जुलै २०२१ ला सुरू झालेल्या या अभियानात तिसरीच्या शेवटी मिनिटाला किमान ६० शब्द समजून वाचणं आणि ९,९९९ पर्यंतच्या संख्या येणं अपेक्षित आहे, आणि उद्दिष्ट २०२६-२७ पर्यंतचं आहे. अधिकाऱ्यांना वर याच भाषेत अहवाल द्यावा लागतो. तुमचा आकडा त्याच भाषेत असला की तो पुढे सरकतो.

हिशेब

समजा शाळेत ३२० मुलं आहेत आणि तिसरी ते पाचवीतली ४५ मुलं परिच्छेदाच्या खाली अडलेली आहेत. पंधराचे तीन गट करा. रोज एक तास, आठवड्याचे पाच दिवस, बारा आठवडे, म्हणजे गटामागे ६० आणि एकूण १८० तास. तासाला १५० रुपये मानधन धरलं तर २७,०००. साहित्य मुलामागे १५० रुपयांनी ६,७५०. तीन चाचण्यांच्या प्रती ५४०. एकूण ३४,२९०, म्हणजे मुलामागे ७६२ रुपये. दर इथे उदाहरणापुरते आहेत. मानधनाचा चालू दर प्रशासकीय अधिकारी (शाळा) यांच्या कार्यालयातून विचारून घ्या. मंजूर दरापेक्षा एक रुपया जास्त लिहिला तरी फाइल परत येते.

हा सगळा खर्च एका शीर्षाखाली मागू नका. समग्र शिक्षा या केंद्र-राज्याच्या शालेय शिक्षण योजनेतलं शाळा अनुदान, ज्याला सगळे कंपोझिट ग्रँट म्हणतात, पटावर ठरतं: १०० पर्यंतच्या पटाला २५,००० (३० पर्यंत असेल तर १०,०००), २५० पर्यंत ५०,०००, १,००० पर्यंत ७५,००० आणि त्यापुढे एक लाख. ही कमाल मर्यादा आहे; हातात किती येईल ते त्या वर्षीच्या मंजुरीवर ठरतं. त्यातला किमान दहा टक्के भाग स्वच्छतेसाठी ठेवावा लागतो. हे अनुदान साहित्य, दुरुस्ती, वीजबिल असल्या खर्चासाठी असतं. मानधन त्यात घुसवलं की लेखापरीक्षणात हरकत येते आणि मुख्याध्यापक अडचणीत सापडतात. वरच्या उदाहरणातले साहित्य आणि प्रतींचे ७,२९० रुपये इथून घ्या. शाळेच्या ग्रंथालय अनुदानातून गोष्टींची पातळ पुस्तकं घेता येतात. जाड, चकचकीत संच घेऊन कपाटात कुलूपबंद ठेवू नका. मानधनाचे २७,००० समग्र शिक्षाच्या वार्षिक आराखड्यातून किंवा पालिकेच्या शिक्षण अर्थसंकल्पातून मागायचे. खासदार निधी टिकाऊ कामांसाठी असतो, त्यात मानधन बसत नाही.

पट यू-डायसवर, म्हणजे शाळांच्या माहितीच्या सरकारी ऑनलाइन नोंदणीत, जसा भरलेला असतो तसाच धरला जातो. वीस मुलांची नोंद राहून गेली आणि पट २५५ ऐवजी २३५ दिसला, तर शाळा थेट खालच्या टप्प्यात जाते. नोंदणी बंद होण्याआधी समितीने हजेरीपट आणि ऑनलाइन आकडा शेजारी ठेवून पाहावा.

कागद कधी हलवायचा

पालिका आयुक्त फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात अर्थसंकल्प मांडतात आणि विभागांची मागणी त्याच्या बरीच आधी गोळा होते. म्हणून ऑगस्टच्या सभेत यादी मांडा, सप्टेंबरमध्ये ठराव करा आणि दिवाळीच्या सुट्टीआधी कागद पोचवा. शाळा विकास आराखडाही डिसेंबरअखेर पुरा असू द्या. ठरावात मुलांची संख्या, पायरी, तास, रक्कम आणि खर्चाचं शीर्ष हे पाचही हवेत. ‘मुलांच्या प्रगतीसाठी योग्य ती कार्यवाही व्हावी’ असा ठराव फाइलला लागतो आणि तिथेच राहतो. इतिवृत्तावर सह्या घ्या, पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घ्या. यादीतली मुलांची नावं शाळेतच ठेवा, वर फक्त आकडे पाठवा. समितीवर नगरसेवक असतील तर एक प्रत त्यांनाही द्या. शिक्षण समितीत विषय काढायला त्यांना आकडा लागतो.

खोली आणि माणूस

मुंबईत पैशाइतकीच अडचण जागेची आहे. एकाच इमारतीत सकाळ आणि दुपार अशी दोन सत्रं, कधी दोन-तीन माध्यमांच्या शाळा. बारा-साडेबाराला सकाळची मुलं बाहेर पडतात न पडतात तोच दुपारची मुलं जिन्यात उभी असतात. ‘शाळा सुटल्यावर वर्ग’ असं कागदावर लिहिलं तरी खोली मिळत नाही. शाळेच्या वेळातच तास काढा आणि ग्रंथालय, सभागृह किंवा रिकामी खोली कोणत्या वारी कोणत्या वेळेला मिळेल याचं दुसऱ्या सत्राच्या मुख्याध्यापकांच्या सहीचं पत्र प्रस्तावाला जोडा.

कलम २८ प्रमाणे शिक्षकांना खासगी शिकवणी घेता येत नाही, म्हणून मानधनावर वस्तीतलीच बारावी किंवा पदवी झालेली व्यक्ती बघा. याला मुंबईतच आधार आहे. ‘प्रथम’ या स्वयंसेवी संस्थेच्या बालसखी उपक्रमात वस्तीतल्या मुली शाळेच्या वेळातच रोज दोन तास, मागे पडलेल्या पंधरा ते वीस मुलांचे गट घेत. २००१ ते २००३ मध्ये मुंबई आणि वडोदऱ्यात त्याचा अभ्यास झाला, तेव्हा मुलांच्या चाचण्यांत ठळक सुधारणा दिसली. मानधन बँक खात्यातच द्या. तासिकांची नोंदवही ठेवा आणि तीवर वर्गशिक्षिकेची रोजची सही घ्या. पालकांकडून वर्गणी काढून हे भागवू नका. एकदा वर्गणीवर वर्ग चालला की पुढच्या वर्षी पैसे मागायला कारण उरत नाही, आणि ज्याला देता येत नाही त्याचंच मूल वर्गाबाहेर राहतं.

बारा आठवड्यांत तीन चाचण्या घ्या: सुरुवातीला, सहाव्या आठवड्यात, शेवटी. सहाव्या आठवड्यात वर सरकलेलं मूल पुढच्या गटात घ्या. ३१ मार्चपर्यंत न वापरलेला पैसा सहसा परत जातो, म्हणून वर्ग डिसेंबरच्या पुढे ढकलू नका. पावत्या, साठा नोंदवही आणि विनियोग प्रमाणपत्र (पैसा ठरलेल्या कामावरच खर्च झाल्याचा दाखला) फेब्रुवारीतच तयार ठेवा. ते वेळेत गेलं नाही तर पुढचा हप्ता अडतो.

दोन महिन्यांत उत्तर आलं नाही तर माहिती अधिकाराचा अर्ज करा. शुल्क दहा रुपये, मजकूर १५० शब्दांच्या आत, विषय एकच, उत्तराची मुदत ३० दिवस. ‘पैसे का दिले नाहीत’ असं विचारू नका. कारणमीमांसा द्यायला कार्यालय बांधील नाही, नोंदी द्यायला आहे. असं लिहा: ‘आवक क्रमांक अमुक, दिनांक अमुकच्या प्रस्तावावर आजवर झालेली कार्यवाही, त्यावरील टिप्पणीची छायाप्रत आणि प्रस्ताव सध्या कोणत्या अधिकाऱ्याकडे प्रलंबित आहे याची माहिती द्यावी.’