शेवटची पानं सोडू नका : स्त्रीवादी डिस्टोपियावर प्रबंध लिहिणाऱ्यांसाठी

डिस्टोपिया म्हणजे भयावह कल्पित समाजाची कादंबरी; तिच्याकडे स्त्रीवादी नजरेने बघायचा हा विषय इंग्रजी विभागात दरवर्षी कुणीतरी घेऊन येतं आणि मला मनापासून बरं वाटतं. माझी पीएच.डी. यातच झाली, म्हणून नव्यांसाठी थोडं लिहिते.

आधी विषय आवळा. ‘अमुक कादंबरीतील स्त्रियांचे शोषण’ असं शीर्षक घेतलंत की प्रबंधाची अत्याचारांची यादी होते. त्यापेक्षा विचारा, या समाजात बाईला वठणीवर कोण आणतं आणि कशाच्या जोरावर? केट मॅन यांचं ‘डाउन गर्ल’ (2017) इथे फार उपयोगी पडतं. स्त्रीद्वेष म्हणजे पुरुषाच्या मनातला राग, एवढ्यावर त्या थांबत नाहीत. पितृसत्तेच्या नियमांची अंमलबजावणी करणारी यंत्रणा म्हणून त्या त्याकडे बघतात.

हे समजलं की मार्गारेट ॲटवुड यांची ‘द हँडमेड्स टेल’ (1985) वेगळीच दिसू लागते. ती गिलियड नावाच्या कल्पित राजवटीत घडते; तिथे मूल होऊ शकणाऱ्या बायकांना ‘हँडमेड’ म्हणून कमांडर म्हणवणाऱ्या बड्या अधिकाऱ्यांच्या घरी मुलं जन्माला घालायला ठेवतात. जनीन नावाची मुलगी आपल्यावर चौदाव्या वर्षी झालेल्या सामूहिक बलात्काराची हकिकत सांगते आणि समोर बसलेल्या मुली एका सुरात म्हणतात, चूक तिचीच. हे घडवून आणणाऱ्या ‘आंटी’, म्हणजे हँडमेडना वळण लावणाऱ्या, बायकाच आहेत. इथे ‘बायकाच बायकांच्या शत्रू’ हे वाक्य पेनाच्या टोकावर येईल, पण ते लिहू नका. गिलियडमध्ये लिहायची-वाचायची मुभा असलेल्या बायका या आंटीच, आणि ती मुभा त्यांना कुठल्या कामाच्या बदल्यात मिळाली ते शोधा.

सोबत इतिहास वाचाच. जगात कुठेतरी घडलेलं नाही असं काही कादंबरीत घालायचं नाही, हा ॲटवुड यांचा नियम होता. हुकूमशहा चाऊशेस्कूच्या रोमानियात 1966 च्या 770 क्रमांकाच्या हुकमाने बहुतेक स्त्रियांना गर्भपाताची बंदी झाली होती. 2022 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचं घटनात्मक संरक्षण काढून घेतलं, तेव्हा ही कादंबरी पुन्हा सगळीकडे चर्चेत आली.

पण माझा सगळ्यात मोठा आग्रह शेवटच्या पानांसाठी आहे. कादंबरी संपल्यावर 2195 मधल्या एका परिषदेचा वृत्तांत येतो. गिलियड केव्हाच लयाला गेलंय. आपली गोष्ट सांगणाऱ्या हँडमेडने ती कॅसेटवर नोंदवून ठेवली होती; प्राध्यापक पिक्सोटो त्या कॅसेटवर निबंध वाचतात, तिच्यावरून विनोद करतात, सभागृह हसतं. त्यांना जास्त उत्सुकता आहे ती तिचा कमांडर कोण होता याची! राजवट गेली, यंत्रणेचा एक तुकडा विद्यापीठात शिल्लक राहिला. आपण संशोधक म्हणून त्याच खुर्चीत बसतो, हे मला या पानांनी शिकवलं. नेओमी ऑल्डरमन यांच्या ‘द पॉवर’मध्येही (2016) अशीच चौकट आहे. स्त्रियांची सत्ता असलेल्या काळातला एक लेखक आपलं हस्तलिखित लेखिकेला पाठवतो आणि ती त्याला सुचवते, बाईच्या नावाने छापून बघ. या दोन चौकटींवर मिळून एक अख्खं प्रकरण उभं राहतं.

भारतीय कादंबरी घ्यायची असेल तर मंजुळा पद्मनाभन यांची ‘एस्केप’ (2008) घ्या. स्त्रिया नष्ट केलेल्या देशात तीन काका मेजी नावाच्या मुलीला लपवून वाढवतात. ते तिच्यावर जीव टाकतात आणि तिच्या शरीराबद्दलचे निर्णयही तेच घेतात. प्रेम आणि ताबा वेगळे काढता येत नाहीत, म्हणून हे प्रकरण लिहायला सगळ्यात अवघड गेलं. गर्भलिंगनिदानावर देशातला पहिला कायदा महाराष्ट्रात 1988 मध्ये झाला, केंद्राचा 1994 मध्ये. साताऱ्याकडे मुलींची नावं ‘नकुशी’ ठेवली जात. ‘एस्केप’ घेणार असाल तर महाराष्ट्रातल्या त्या कायद्यामागच्या मुंबईतल्या मोहिमेचे कागद आणि तेव्हाची मराठी वर्तमानपत्रं आधी चाळा, मगच पहिलं प्रकरण लिहायला बसा.