झाडीतल्या गोल्फ कोर्सवर प्रत्येक होल कसा खेळावा

उघड्या, मोकळ्या कोर्सवर तीस यार्ड बाजूला गेलेला चेंडू रफमध्ये, म्हणजे उंच गवतात, पडतो आणि तिथूनही बहुधा ग्रीन, म्हणजे खळग्याभोवतीची तुळतुळीत हिरवळ, दिसत असते. दाट झाडीतून आखलेल्या कोर्सवर तोच चेंडू एखाद्या खोडामागे जाऊन बसतो आणि पुढचा फटका केवळ बाहेर पडण्यात खर्ची पडतो. त्यामुळे अशा कोर्सवर प्रत्येक टीवर, म्हणजे होलच्या सुरुवातीच्या जागेवर, उभे राहताना पहिला प्रश्न एवढाच असावा, की चेंडू चुकलाच तर तो कोणत्या बाजूला चुकलेला परवडेल. त्याचे उत्तर ग्रीनकडून टीकडे उलटे येत शोधावे. ध्वज उजव्या कडेला, बंकरच्या (वाळूच्या खड्ड्याच्या) मागे असेल, तर ग्रीनवर डावीकडून येणे सोयीचे ठरते. म्हणजे टीवरून गेलेला चेंडू फेअरवेच्या, म्हणजे मधल्या कापलेल्या गवताच्या पट्टीच्या, डाव्या अर्ध्या भागात हवा. पण त्या बाजूची झाडी फेअरवेला अगदी खेटून असेल, तर चांगल्या कोनाचा मोह सोडून मध्यावर खेळावे आणि दुसरा फटका ध्वजावर न रोखता ग्रीनच्या मध्यावर रोखावा. पुढील विवेचन उजव्या हाताने खेळणाऱ्यांना धरून आहे. डावखुऱ्यांनी बाजू उलट वाचाव्यात.

पहिल्या होलवर शरीर पुरते मोकळे झालेले नसते. तिथे ज्या क्लबचा सर्वात वाईट फटकाही खेळात राहतो, तो क्लब घ्यावा. बहुतेकांच्या बाबतीत तो हायब्रिड (वूड आणि आयर्न यांच्या मधला क्लब) किंवा पाच नंबरचा वूड (लांब फटक्यांचा, मोठ्या डोक्याचा क्लब) असतो. याहून अधिक विचार पहिल्या होलला लागत नाही.

सरळ, अरुंद पार चार

पार म्हणजे होलसाठी अपेक्षित फटके. दोन्ही बाजूंना झाडांच्या भिंती आणि मधून पट्टी, असा होल दिसायला सोपा पण खेळायला कठीण असतो, कारण तो चेंडूला वळायला जागाच देत नाही. ज्याचा चेंडू नेहमी उजवीकडे वळतो, त्याने टीच्या उजव्या टोकाला चेंडू लावून फेअरवेच्या डाव्या कडेवर नेम धरावा, म्हणजे वळण्यासाठी पट्टीची पूर्ण रुंदी हाती येते. टीची जागा दोन क्लब-लांबी खोल असते. चेंडू तिच्या आत असला पाहिजे, खेळाडूचे पाय बाहेर असले तरी चालतात. मात्र टीच्या पुढे थोड्याच अंतरावर डावीकडून एखादी फांदी आत झुकली असेल, तर हा उपाय उलटतो. टीवरून पुढे पाहताना आपली नजर दूरच्या फेअरवेवर असते आणि जवळच्या फांद्या सुटून जातात, म्हणून चेंडू निघण्याची रेषा आधी जवळून तपासावी.

अरुंद होलवर ड्रायव्हर (सर्वात लांब मारणारा क्लब) पिशवीतच ठेवावा, हा सल्ला सरसकट दिला जातो आणि तो सरसकट खरा नाही. झाडी सगळीकडे सारख्या अंतरावर नसते. काही होल दोनशे यार्डांपाशी चिमटीसारखे आवळतात आणि पुढे पुन्हा रुंदावतात. तिथे सावधपणे लोखंडी क्लबने (आयर्नने) खेळलेला चेंडू नेमका त्या अरुंद जागी पोहोचतो, आणि वर ग्रीन लांब राहते ते वेगळेच. कोर्सच्या नकाशात किंवा अंतर मोजण्याच्या उपकरणात ही चिमटी कुठे आहे ते पाहावे आणि तिच्या अलीकडे थांबणारा किंवा पलीकडे पोहोचणारा क्लब निवडावा.

डॉगलेग

झाडीच्या कोर्सची खरी परीक्षा डॉगलेगवर, म्हणजे वळणाच्या होलवर, होते. इथे दोन अंतरे माहीत असल्याशिवाय क्लबला हात लावू नये: वळणाच्या आतल्या कोपऱ्यापर्यंतचे अंतर, आणि सरळ गेल्यास फेअरवे संपून पलीकडची झाडी सुरू होते तिथपर्यंतचे अंतर. समजा पहिले 210 यार्ड आहे आणि दुसरे 255. मग चेंडू घरंगळून थांबेपर्यंत साधारण 225 ते 245 यार्ड जावा, एवढाच हिशेब राहतो. दोनशेवर थांबलेल्या चेंडूला कोपऱ्यावरची झाडे ग्रीन दिसू देत नाहीत आणि 260 यार्ड गेलेला उत्तम, सरळ फटका पलीकडच्या झाडीत घुसतो. ड्रायव्हरने मारलेला सुंदर चेंडू झाडीत गेला म्हणून हळहळणारे खेळाडू दुसरे अंतर विचारायला विसरलेले असतात.

डावीकडे वळणाऱ्या होलवर ड्रॉ (डावीकडे वळणारा चेंडू) आणि उजवीकडे वळणाऱ्यावर फेड (उजवीकडे वळणारा चेंडू), हा पाठ्यपुस्तकी नियम ज्याला दोन्ही फटके जमतात त्याच्यासाठी ठीक आहे. इतरांनी आपला नेहमीचा वळणारा चेंडूच खेळावा आणि त्याच्यासाठी जागा शोधावी. फेड खेळणाऱ्याला डावीकडचा डॉगलेग मिळाला, तर चेंडू वळणाच्या विरुद्ध दिशेला, म्हणजे बाहेरच्या बाजूला सरकणार. म्हणून एक क्लब कमी घेऊन आतल्या कोपऱ्याच्या किंचित बाहेर नेम धरावा. चेंडू बाहेरच्या अर्ध्या भागात थांबला, तर तिथून ग्रीन पूर्ण दिसते आणि दुसरा फटका थोडा लांब झाला तरी मोकळा मिळतो.

कोपऱ्यावरून चेंडू उडवून अंतर वाचवण्याचा बेत करताना झाडांची उंची, चेंडूची उंची आणि वाचणारे यार्ड यांचा मेळ घालावा. वीस यार्ड वाचवण्यासाठी उंच झाडांवरून जाण्यात काही हशील नाही. शेजारच्या होलमधून वाट काढणेही कधीकधी शक्य असते, पण आधी स्कोअरकार्ड वाचावे, कारण अनेक कोर्स दोन होलांमधली सीमा आउट ऑफ बाउंड्स, म्हणजे खेळाबाहेरची, ठरवतात. ओहायोतल्या इनव्हर्नेस क्लबवर 1979 च्या यूएस ओपनमध्ये लॉन हिंकल याने आठव्या होलवर सतराव्याच्या फेअरवेवरून अशीच आडवाट काढली, तेव्हा आयोजकांनी दुसऱ्या फेरीच्या आधी तिथे एक झाडच आणून लावले.

झाडांनी वेढलेले पार तीन

पार तीनच्या होलवर झाडी वाऱ्याबाबत फसवते. टीवर पान हलत नाही, ध्वज काठीला चिकटून लोंबत असतो, आणि चेंडू शेंड्यांच्या वर जाताच वारा त्याला धरतो. गवत उडवून पाहण्याचा इथे फारसा उपयोग नाही. उंच झाडांचे शेंडे आणि ढग पाहावेत. अमेरिकेतल्या ऑगस्टा नॅशनल कोर्सचा बारावा होल जेमतेम 155 यार्डांचा आहे, पण तिथे वारा झाडांमधून घुमतो, समोर ओढा आहे आणि ग्रीन उथळ आहे. तिथेच होणाऱ्या मास्टर्स स्पर्धेच्या 2019 मधील शेवटच्या फेरीत मोलिनारी, कोएप्का आणि फिनाऊ या खेळाडूंचे चेंडू तिथे पाण्यात गेले. ध्वज उजवीकडे असताना टायगर वूड्सने चेंडू ग्रीनच्या डाव्या, सुरक्षित भागात टाकला, पार घेतला आणि पुढे स्पर्धा जिंकली. वारा कळत नसेल तर ग्रीनचा सर्वात रुंद भाग निवडावा आणि समोर धोका असेल तर एक क्लब जास्त घ्यावा. ग्रीनच्या मागे उंच झाडी असली की अंतराचा डोळ्यांनी केलेला अंदाज चुकतो. मोजलेल्या आकड्यावरच विश्वास ठेवावा.

छोट्या पार चारवर फार विचार करू नये. टीवरून ग्रीन गाठण्याचा प्रयत्न झाडीच्या कोर्सवर क्वचितच फळतो. आपल्या आवडत्या वेजचे (जवळच्या, उंच फटक्यांच्या क्लबचे) अंतर मागे उरेल असा क्लब घ्यावा.

पार पाच

इथे बहुतेकांचा घात दुसऱ्या फटक्यावर होतो. ग्रीन दोन फटक्यांत गाठता येणार नाही हे ठाऊक असूनही खेळाडू सर्वात लांब क्लब काढतो आणि चेंडू झाडीत पाठवतो. तिसरा फटका कोणत्या अंतरावरून खेळायला आवडेल ते आधी ठरवून, ते उरलेल्या अंतरातून वजा करून दुसऱ्या फटक्याचा क्लब ठरवावा. तो क्लब अनेकदा सात नंबरचे आयर्न निघते आणि त्यात कमीपणा काही नाही. फिल मिकलसनने 2010 च्या मास्टर्समध्ये तेराव्या होलवर पाईनच्या सुयांवरून, दोन झाडांच्या मधून, सहा नंबरच्या आयर्नने चेंडू ओढ्यापलीकडे थेट ध्वजाजवळ टाकला. तो फटका सगळ्यांच्या लक्षात आहे. त्यानंतरचा ईगलचा (पारपेक्षा दोन कमी) छोटा पट, म्हणजे ग्रीनवरचा फटका, हुकला आणि त्याला बर्डीवर (पारपेक्षा एक कमी) समाधान मानावे लागले, हे फारसे कुणाला आठवत नाही.

चेंडू झाडीत गेल्यावर

चेंडू झाडीत गेल्याची शंका जरी आली, तरी पुढे निघण्याआधी आपण प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, चेंडू खेळत आहोत असे स्पष्ट सांगून दुसरा चेंडू खेळावा. 2019 पासून चेंडू शोधण्यासाठी पाचऐवजी तीनच मिनिटे मिळतात आणि पालापाचोळ्यात ती पाहता पाहता संपतात. चेंडू शेवटचा कुठे दिसला ते एखाद्या ओळखू येणाऱ्या झाडाशी जोडून लक्षात ठेवावे, आणि शोधणाऱ्यांनी एका जागी घुटमळण्यापेक्षा जागा वाटून घ्यावी.

चेंडू सापडला की फटीकडे पाहण्याआधी तो कसा पडला आहे ते पाहावे. सुकी पाने आणि काटक्या उचलता येतात, पण उचलताना चेंडू हलला तर एका फटक्याचा दंड होतो आणि चेंडू मूळ जागी ठेवावा लागतो. आधाराच्या एखाद्या काटकीवर चेंडू टेकलेला असेल, तर तिला हात लावू नये. वाढत्या फांद्या वाकवून किंवा मोडून जागा मोकळी करता येत नाही. सरावाच्या स्विंगमध्ये पाने झडून स्विंगची वाट सुधारली, तरी स्ट्रोक प्लेमध्ये (एकूण फटके मोजण्याच्या खेळात) दोन फटक्यांचा दंड होऊ शकतो. म्हणून सरावाचा स्विंग शेजारी, तशाच मोकळ्या जागी करावा.

मग हिशेब करावा. बाजूने फेअरवेवर आलो तर बहुधा बोगी (पारपेक्षा एक जास्त) होईल. फटीतून ग्रीनकडे मारून साधले तर फार तर एक फटका वाचेल; खोडाला लागून चेंडू आणखी आत गेला तर दोन तरी जातील. एक मिळवण्यासाठी दोन पणाला लागत असतील, तर तो फटका तीनपैकी दोनदा जमण्याची खात्री हवी, तीही सरावाच्या मैदानावरच्या सपाट गवतावर नव्हे, या लायवरून, म्हणजे चेंडू जसा पडला आहे तिथून. झाड म्हणजे नव्वद टक्के हवा, असे गोल्फ खेळणारे एकमेकांना सांगतात. चेंडूला अडायला उरलेल्या दहा टक्क्यांतली एक फांदी पुरते.

बाहेर पडण्यासाठी पाच किंवा सहा नंबरचे आयर्न घ्यावे, पकड थोडी खाली धरावी, चेंडू मध्यापेक्षा किंचित मागे ठेवावा, वजन डाव्या पायावर आणि हात चेंडूच्या पुढे ठेवावेत. मागे क्लब अर्धाच न्यावा आणि फटक्यानंतर क्लबचे टोक कमरेच्या वर जाऊ देऊ नये. चेंडू खालून निघतो आणि बराच घरंगळतो. म्हणूनच फेअरवेची रुंदी पाहून जोर ठरवावा, अन्यथा एका बाजूच्या झाडीतून सुटलेला चेंडू दुसऱ्या बाजूच्या झाडीत जातो. पानांच्या किंवा सुयांच्या थरावर क्लब चेंडूमागे टेकवू नये, कारण थर सरकला की चेंडू हलतो. क्लब हवेत धरूनच सुरुवात करावी आणि आधी चेंडूला स्पर्श होईल असा फटका मारावा.

वरून मारायचे असेल तर सरावाच्या वेळी एक प्रयोग करून ठेवावा. क्लबचा चेहरा आकाशाकडे करून जमिनीवर ठेवावा आणि त्यावर पाय देऊन तो सपाट दाबावा. दांडा ज्या कोनात उभा राहतो तो त्या क्लबचा लॉफ्ट, म्हणजे चेहऱ्याचा तिरकेपणा. प्रत्यक्षात चेंडू त्या रेषेच्या बराच खालून निघतो. हा फरक प्रत्येक क्लबसाठी एकदा डोळ्यांत भरला की झाडासमोर उभे राहून अंदाज बांधणे सोपे जाते.

काहीच वाट नसेल, तर चेंडू अनप्लेएबल (न खेळण्याजोगा) जाहीर करून एका फटक्याच्या दंडाने सुटका घ्यावी. त्याचे तीन मार्ग आहेत: आधीच्या जागेवरून पुन्हा खेळणे, होल आणि चेंडू यांच्या रेषेत हवे तितके मागे जाऊन ड्रॉप करणे, किंवा होलच्या जवळ न जाता दोन क्लब-लांबीच्या आत ड्रॉप करणे. क्लब-लांबी पटर सोडून पिशवीतल्या सर्वात लांब क्लबने, म्हणजे बहुधा ड्रायव्हरने मोजली जाते. दाट झाडीत दोन क्लब-लांबींनी अनेकदा काहीच साधत नाही. मागच्या रेषेत एखादी मोकळी जागा किंवा शेजारचा फेअरवे आहे का, ते आधी पाहावे.

सावलीतली ग्रीन आणि शेवटचे होल

झाडांच्या सावलीतले ग्रीन उन्हातल्या ग्रीनपेक्षा जास्त वेळ ओले राहते आणि ओलसरपणामुळे पट मंद होतो. सकाळच्या फेरीत एकाच ग्रीनचा अर्धा भाग दवाने भिजलेला आणि अर्धा कोरडा असू शकतो. चेंडू कोणत्या भागातून जाणार ते पाहून जोर ठरवावा. ग्रीनवर सैल पाने उचलताना चेंडू चुकून हलला तरी दंड नाही, तो परत जागेवर ठेवायचा.

शेवटच्या दोनतीन होलांवर स्कोअर हातात असतो आणि त्यानुसार बेत बदलण्याची इच्छा होते. मॅच प्लेमध्ये (होलगणिक लढतीत) ती इच्छा रास्त आहे: प्रतिस्पर्धी झाडीत गेला असेल तर आपण सावधपणे मध्यावर खेळावे, तो फेअरवेवर असेल आणि आपण मागे असू तर कोपरा कापण्याचा विचार करावा. स्ट्रोक प्लेमध्ये मात्र अठराव्या होलवर तोच क्लब घ्यावा, जो याच होलवर फेरीच्या सुरुवातीला, हातात काहीच नसताना, घेतला असता.